अहमदनगरच्या किल्ल्यातील स्थानबद्धता आणि तिचे संग्रहालय

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात संग्रहालयांचा एक नवाच प्रकार उदयास आला. परकीय अंमलाला झालेला प्रतिकार आणि त्यापायी ओढवलेली हद्दपारी ही दोन प्रकरणे एकत्र मांडणारी ही संग्रहालये आकाराने बहुधा लहान असतात, आणि एखादा जुना तुरुंग, पोलीस-कचेरी किंवा छावणीची इमारत हेच त्यांचे घर असते. इटलीतील कार्पी या गावी १९७३ साली उघडलेल्या अशा संग्रहालयात वस्तू थोड्या आहेत. परंतु एका दालनाच्या भिंतींवर हद्दपार झालेल्यांची हजारो नावे लिहिलेली आहेत. फ्रान्समधील लिआँ शहरात ज्या इमारतीत गेस्टापोचे ठाणे होते, तेथेच १९९२ पासून प्रतिकार व हद्दपारी यांच्या इतिहासाचे केंद्र चालते. येथे येणारा मनुष्य सुंदर वस्तू पाहावयास येत नाही. माणसाला त्याच्या घरातून उचलून अज्ञात स्थळी नेऊन ठेवण्याचा व्यवहार प्रत्यक्षात चालला कसा, हे त्याला समजून घ्यावयाचे असते. आणि संग्रहालयाची किंमत या प्रश्नाचे उत्तर ते कितपत देते यावरून ठरते.

महाराष्ट्रात या जातीची दोन स्थळे आहेत. पुण्याचा आगाखान राजवाडा सर्वपरिचित आहे. तेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई यांचे व २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या समाध्यांमुळे त्या वास्तूला तीर्थक्षेत्राचे स्वरूप आले आहे, आणि तीर्थक्षेत्री मनुष्य प्रश्न विचारीत नाही, हात जोडतो. दुसरे स्थळ म्हणजे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यातील ‘लीडर्स ब्लॉक’ या नावाने ओळखली जाणारी, चौकाभोवती खोल्या असलेली इमारत. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, हे स्थळ सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथील प्रवेश लष्करी नियमांच्या अधीन असतो, आणि त्यामुळेच की काय, इतिहासाच्या अभ्यासकांचे त्याकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. जे जातात त्यांतील बहुतेकांना चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांविरुद्ध लढविलेला तट पाहावयाचा असतो. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने किल्ला घेतला ही गोष्टही मार्गदर्शक सांगतात. परंतु ज्या काळामुळे या इमारतीचे संग्रहालय झाले तो काळ १९४२ ते १९४५ हा आहे.

संग्रहालयात काय आहे हे थोडक्यात सांगता येते. येथे बारा नेते स्थानबद्ध होते : मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि शंकरराव देव. मराठी भाषक यांत एकटे शंकरराव देवच. या मंडळींची चित्रे, आणि नेहरूंची म्हणून राखून ठेवलेली खोली, हा येथील मुख्य ठेवा होय. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथे लिहिला गेला, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्यास प्रथम सांगितली जाते. ती खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. तथापि ग्रंथाच्या तेजाने भोवतालची बाकी सर्व सामग्री झाकोळून जाते. पाहुणा येथून बाहेर पडतो तो एका लेखकाच्या निवासस्थानाची आठवण घेऊन, कारागृहाची नव्हे.

या वास्तूचा अर्थ नीट लावावयाचा तर काही संज्ञांतील भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. कारण आपल्या बोलण्यात शिक्षा, काळे पाणी, हद्दपारी आणि स्थानबद्धता हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. लोकमान्य टिळकांना १९०८ साली मंडालेस धाडले ते न्यायालयात खटला चालून, ज्यूरीच्या निर्णयानंतर आणि सहा वर्षांची मुदत ठरवून. त्या न्यायाविषयी काहीही म्हणता आले तरी तेथे आरोप होता, बचावाचे भाषण होते आणि मुदत होती. याउलट त्याच मंडालेस १९०७ साली लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना नेले तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली सरकारचा हुकूम एवढेच पुरेसे होते. मुंबई इलाख्यात हेच काम १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन करीत असे, आणि त्याचा प्रयोग १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंवर झाला. आरोपाविना, खटल्याविना आणि मुदतीविना माणसाला त्याच्या माणसांपासून दूर नेऊन ठेवणे हे या दुसऱ्या प्रकाराचे लक्षण आहे. देशाबाहेर नेले तर त्यास हद्दपारी म्हणावयाचे, देशातच ठेवले तर स्थानबद्धता, तत्त्व एकच. शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाजवळ मोजण्यास काही नसते.

१९४२ साली या दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावा याविषयी ब्रिटिश सरकारात खरोखरच खल झाला होता. काँग्रेसने लढा पुकारल्यास गांधींना एडनला आणि कार्यकारिणीच्या सभासदांना पूर्व आफ्रिकेच्या बाजूला नेऊन ठेवण्याची योजना लंडन व दिल्ली यांच्या दरम्यान चर्चिली गेली. हिंदुस्थानात तिची प्रतिक्रिया काय होईल या धास्तीने अखेर ती सोडून देण्यात आली. सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड १९७० ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाले, तेव्हा हा पत्रव्यवहार सर्वांपुढे आला. म्हणजे अहमदनगरचा किल्ला ही मूळच्या हद्दपारीच्या योजनेची देशी आवृत्ती होती. समुद्राचे काम खंदकाने करावयाचे होते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस कमिटीने ‘भारत छोडो’ ठराव मंजूर केला, आणि ९ तारखेच्या पहाटे, उजाडण्यापूर्वीच, धरपकड झाली. बोरीबंदरावर एक खास गाडी तयार होती. तिच्या प्रवासाची आखणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. गांधींना व त्यांच्याबरोबरच्या मंडळींना पुणे येण्यापूर्वीच चिंचवडला उतरवून मोटारीने आगाखान राजवाड्यात नेले. मुंबईच्या स्थानिक कार्यकर्त्यांची रवानगी येरवड्यास झाली. पुणे स्थानकावर जमलेल्या लोकांवर लाठ्या चालू लागल्या, तेव्हा नेहरू डब्याच्या खिडकीतून फलाटावर उतरले व त्यांना पुन्हा गाडीत चढविण्यासाठी पोलिसांना झटापट करावी लागली. उरलेली गाडी दौंडमार्गे दुपारी अहमदनगरला पोहोचली. एकाच गाडीतील माणसांची अशी तीन ठिकाणी वाटणी झाली. लढ्याचे मस्तक, हात आणि पाय यांचा परस्परांशी संबंध राहू नये हा हेतू त्यात स्पष्ट दिसतो. कार्यकारिणीला कोठे ठेवले आहे हे सरकारने जाहीर केले नाही. आरंभीचे काही आठवडे वर्तमानपत्रेही आत येत नव्हती. पुढे ती मिळू लागली, आणि घरच्या माणसांना केवळ घरगुती मजकुराची पत्रे लिहिण्याची परवानगी मिळाली. भेटी मात्र नव्हत्या. बाहेर रेल्वेचे रूळ उखडले जात होते, मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत गुप्त नभोवाणी चालवीत होते, सातारा जिल्ह्यात पुढील वर्षी प्रतिसरकार उभे राहिले. आणि ज्यांच्या नावाने हे चालले होते त्यांना त्याची वार्ता काही दिवसांच्या जुन्या छापील मजकुरातून मिळत होती.

या अटकेला आधार होता तो भारत संरक्षण नियमांपैकी सव्विसाव्या नियमाचा. या नियमाची कथा कायद्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना क्वचितच. म्हणून ती येथे थोडी विस्ताराने देणे अवश्य आहे. मुंबई सरकारने याच नियमाखाली स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांचे प्रकरण फेडरल कोर्टापुढे आले. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने निर्णय दिला की, १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला जेवढा अधिकार दिला त्याच्यापलीकडे हा नियम जातो, म्हणून तो अवैध होय. याचा सरळ अर्थ असा की, त्या दिवशी देशभरातील हजारो स्थानबद्धांच्या कोठडीला, अहमदनगरच्या बारा जणांच्या कोठडीसह, कायद्याचा आधार उरला नव्हता. परंतु दरवाजे उघडले नाहीत. अवघ्या सहा दिवसांत, २८ एप्रिल रोजी, गव्हर्नर जनरलने १९४३ चा चौदावा वटहुकूम काढून नियमाला आधार देणारी कायद्यातील शब्दरचनाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, आणि जे बेकायदेशीर ठरले होते ते आरंभापासूनच कायदेशीर होते असे ठरविले. पुढच्या वर्षी १९४४ चा तिसरा वटहुकूम आला. त्याने निर्बंध व स्थानबद्धता या विषयाची स्वतंत्रच व्यवस्था लावली. किल्ल्याच्या तटाची जाडी पाहून पाहुणे थक्क होतात. वास्तविक त्या माणसांना अडवून ठेवणारी भिंत ती नव्हती. ती या सहा दिवसांत कागदावर बांधली गेली.

आतील जीवनाविषयी मात्र सामग्री विपुल आहे, आणि ती कैद्यांनी स्वतःच निर्माण केलेली आहे. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत हजार पृष्ठांचा मजकूर लिहून काढला. १९४६ साली तो कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. ग्रंथाची अर्पणपत्रिका ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळातील किल्ल्यामधील सहकैद्यांना उद्देशून आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण ग्रंथकर्त्याने नावे घेऊन मान्य केले आहे. हा ग्रंथ एकट्याच्या खोलीत लिहिला गेला असला तरी तो सामुदायिक कैदेचे फळ होय. शेजारच्या खोल्यांतही लेखण्या चालू होत्याच. नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा अनुवाद करीत होते, महताब ओरिसाचा इतिहास लिहीत होते, पट्टाभींचे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ हे पुस्तक येथलेच. एका राजकीय पक्षाची कार्यकारिणी बंद दाराआड ठेवली असता तिच्यातून एक लहानसे विद्यापीठ निघावे, हा योग विरळा.

तरीही स्थानबद्धतेचा खरा दस्तऐवज म्हणून या सर्वांहून अधिक मोलाचा ग्रंथ आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ हा आहे. नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला उद्देशून लिहिलेली ही उर्दू पत्रे. ती लिहिताना लेखकास पक्के ठाऊक होते की यांतील एकही पत्र टपालात पडणार नाही. ज्याला उत्तर येण्याची आशा नाही तो मनुष्य पत्र कशासाठी लिहितो? दिवसाला आकार यावा म्हणून. आझाद रात्र सरता सरता उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत, आणि त्या चहावरच पानेच्या पाने लिहीत. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी त्यांनी आधी युद्ध मांडले आणि मग तह केला; त्याची हकीकत त्यांनी अशा थाटाने सांगितली आहे की वाचणारा हसतो, आणि हसून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की देशाच्या राष्ट्रसभेचा अध्यक्ष दिवसचे दिवस एका पाखराने तळहातावर येऊन दाणा टिपावा म्हणून निश्चल बसून राहतो आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी ‘चीताखान’ हे नाव दिले, चांदबिबीच्या काळातील त्याच किल्ल्यातील एका हबशी सरदाराचे. किल्ल्याचा जुना इतिहास आणि नवी कैद यांना एका टोपणनावात बांधण्याची ही खुबी संग्रहालयाच्या कोणाही रचनाकाराला हेवा वाटावा अशी आहे.

याच काळात आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अंथरुणाला खिळल्या होत्या. आजाराची वार्ता किल्ल्यात पोहोचली. सरकारकडे अर्ज केला असता कदाचित काही सवलत मिळाली असती. आझादांनी अर्ज केला नाही. एप्रिल १९४३ मध्ये झुलेखा बेगमांचे निधन झाले. वर उल्लेखिलेला फेडरल कोर्टाचा निर्णय त्याच महिन्यातला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

अर्ज न करण्याची ही गोष्ट वैयक्तिक मानीपणाची म्हणून सांगितली जाते. परंतु तिला व्यापक अर्थ आहे, आणि या संग्रहालयाच्या समजुतीची किल्ली तेथेच सापडते. स्थानबद्धाला मुदत नसते हे वर सांगितले. पण त्याला सुटकेची अट असते. शिक्षा झालेल्या कैद्याने काहीही मान्य केले किंवा न केले तरी मुदत संपताच तो बाहेर येतो. स्थानबद्धाच्या बाबतीत दार उघडण्याचे साधन त्याच्याच हातात दिलेले असते, आणि ते साधन म्हणजे एक सही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींनी उपवास आरंभिला तेव्हा उपवासापुरते मोकळे करण्याची तयारी सरकारने दाखविली. ती त्यांनी नाकारली. १७ फेब्रुवारी १९४४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी मध्यवर्ती कायदेमंडळापुढे भाषण करताना स्पष्ट केले की, असहकाराचे व अडवणुकीचे धोरण मागे घेतल्याची खात्री पटल्यावाचून ऑगस्टच्या ठरावाच्या कर्त्यांना सोडण्याचे कारण त्यांना दिसत नाही. म्हणजे ठराव सोडा आणि बाहेर या. त्यानंतरही सुमारे सोळा महिने कैद चालू राहिली. २८ मार्च १९४५ पासून नेत्यांची पांगापांग करून त्यांना आपापल्या प्रांतांतील तुरुंगांत हलविण्यात आले, आणि १५ जून १९४५ रोजी, सिमल्याची परिषद भरविण्याचे ठरल्यावर, कार्यकारिणीची सुटका झाली. ठराव मागे घेतला गेला नव्हता. नेहरूंच्या पुरते पाहिले तर ही कैद १,०४१ दिवसांची झाली, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ.

बारांपैकी एक मात्र आधीच बाहेर पडले होते. डॉ. सय्यद महमूद यांची सुटका ऑक्टोबर १९४४ मध्ये झाली, आणि त्यांनी व्हाइसरॉयला लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाल्यावर मोठा गदारोळ उठला. सोबत्यांना ते पत्र आवडले नाही हे उघड आहे. गांधींनी मात्र त्यांचा धिक्कार केला नाही. या प्रकरणावर पडदा टाकण्याची प्रवृत्ती समजण्याजोगी असली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती घातक आहे. महमूदांचे पत्र डोळ्यांसमोर असल्यावाचून बाकीच्या अकरांनी न लिहिलेल्या पत्रांचा अर्थच कळत नाही. त्यांचे दार बाहेरून बंद होते हे जितके खरे, तितकेच ते आतून न उघडलेले होते हेही खरे.

सहीची ही अट अहमदनगरच्या भूमीला नवी नव्हती. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेत पकडलेल्या युद्धकैद्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन व हिंदुस्थान या ठिकाणी समुद्रापार धाडले. हिंदुस्थानात आलेल्यांची संख्या नऊ हजारांच्या घरात होती. अहमदनगर, बेल्लारी, त्रिचनापल्ली, अंबाला, सियालकोट इत्यादी ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. ट्रान्सवालच्या व ऑरेंज फ्री स्टेटच्या शेतांवरून उचललेली ही माणसे, त्यांत मिसरूड न फुटलेली पोरे होती तसे पिकल्या दाढीचे म्हातारेही होते, दख्खनच्या उन्हात येऊन पडली. मे १९०२ मध्ये तह झाला. युद्ध संपले, तेव्हा कैदही संपावयास हवी होती. पण परत जाण्यासाठी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणे आवश्यक होते, आणि काही बोअरांनी ती घेण्याचे साफ नाकारले. आपले प्रजासत्ताक बुडाले हेच त्यांना मान्य नव्हते. त्यांचे मन वळविण्यासाठी खुद्द त्यांचाच सेनापती द ला रे १९०३ च्या अखेरीस समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आला, आणि ज्या ठिकाणी अशा हटवाद्यांना एकत्र केले होते त्यांत अहमदनगर प्रमुख होते. ज्या शत्रूशी अखेरपर्यंत लढला त्याच शत्रूची शपथ घ्या असे आपल्या सैनिकांना विनविणारा सेनापती, आणि सेनापतीचेही न ऐकणारे सैनिक, हा प्रसंग नगरच्या इतिहासात कोठेही ठळकपणे येत नाही. आपल्याकडील पुस्तकांना बोअर हे परक्यांच्या भांडणातील परके वाटले. चाळीस वर्षांनंतर त्याच ठिकाणी जे घडले त्याच्याशी ताडून पाहता ते तितके परके राहत नाहीत. अर्थात तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे : ज्या स्वातंत्र्यासाठी बोअर शपथ नाकारीत होते त्यात त्यांच्याच भूमीवरील काळ्या माणसाला वाटा नव्हता.

पहिल्या महायुद्धात अहमदनगरला हिंदुस्थानातील शत्रुदेशीयांची मोठी छावणी होती. व्यापारी, जहाजावरील खलाशी, मिशनरी, आणि जर्मन पूर्व आफ्रिकेतून आणलेले नागरिक असे नाना प्रकारचे लोक तीत होते. बायकामुलांसाठी बेळगावला निराळी छावणी काढली होती. १९१७ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी या छावण्या पाहून अहवाल लिहिला, त्यामुळे त्यांची माहिती बऱ्यापैकी उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, पुन्हा तीच व्यवस्था झाली. आणि या वेळी एक विपरीत प्रकार घडला. हिटलरच्या छळामुळे देश सोडून हिंदुस्थानात आश्रयास आलेले ज्यू हेही कागदोपत्री जर्मन असल्याने नात्सी पक्षाच्या अनुयायांबरोबर त्याच काटेरी तारांच्या आत गेले. त्यांची छाननी करण्यासाठी सर माल्कम डार्लिंग यांची समिती नेमावी लागली व तिच्या शिफारशीने अनेकांची सुटका झाली. येथे सहीचा प्रश्न नव्हता. मनुष्य काय करतो यापेक्षा त्याच्या पारपत्रावर काय लिहिले आहे हे महत्त्वाचे ठरले होते. उरलेल्यांची रवानगी पुढे देवळालीला व तेथून देहरादूनला झाली. तिबेटातील वास्तव्यामुळे प्रसिद्धीस आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हा याच वाटेने गेला. पुरंदर व सातारा येथे कुटुंबवत्सल स्थानबद्धांसाठी सौम्य बंधनांची ठाणी होती. शिवशाहीच्या पुरंदरावर जर्मन कुटुंबे संसार मांडून बसली होती, ही गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांस आज नवीनच वाटेल.

महाराष्ट्रातील आणखी एक स्थळ या संदर्भात उल्लेखिले पाहिजे, कारण अटीची आणि सहीची हीच कथा तेथे जगाच्या दुसऱ्या टोकावरून आली. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुसंख्य बायका आणि मुले. हे लोक युद्धातून पळून आलेले नव्हते. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया व कझाकस्तानात धाडलेल्यांपैकी ते होते. जून १९४० च्या हद्दपारीत मुख्यतः असे लोक सापडले की ज्यांनी सोव्हिएत नागरिकत्वाचा कागद घेण्याचे नाकारले होते. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलंड व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ऑगस्टमध्ये या हद्दपारांना ‘माफी’ जाहीर झाली. कोणताही गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसांना माफी! तेथून इराणमार्गे हे लोक येथवर पोहोचले. त्यांच्या बराकी रिकाम्या होताच फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे वसली. आजचे गांधीनगर ते हेच. पोलंडच्या राजधानीत, वॉर्साला, २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

अहमदनगरकडे पुन्हा वळता, तेथील संग्रहालयात काय नाही याची यादी आता आपोआप तयार होते. तेथे बारा चेहरे आहेत. त्यांना तेथे ठेवणारा हुकूम, तो अवैध ठरविणारा निर्णय आणि त्यास पुन्हा वैध करणारा वटहुकूम एकमेकांशेजारी मांडलेले नाहीत. हे तिन्ही कागद छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि एका भिंतीवर मावतील. बोअरांची शपथ, वेव्हेलचे भाषण आणि महमूदांचे पत्र यांना मिळून आणखी एक भिंत लागेल. बाहेर राहिलेल्यांसाठीही जागा हवी. १९०५ साली याच नगरात जन्मलेले अच्युतराव पटवर्धन १९४२ साली भूमिगत झाले आणि सरकारच्या हाती अखेरपर्यंत लागले नाहीत. गावचा नेता बाहेर अदृश्य आणि देशाचे नेते गावात अदृश्य, अशी ती तीन वर्षे होती. पटवर्धनांचा शोध चालू असता नगरकरांनी काय पाहिले, काय लपविले, किल्ल्यात रोजचे दूध-भाजी कोण पोहोचवीत असे आणि त्याच्या तोंडून काय बाहेर पडे, याची नोंद अशाच संग्रहालयात शोभली असती. त्या पिढीतील साक्षीदार आता जवळजवळ सारे गेले. म्हणून घराघरांतील चिटोऱ्यांवर व त्यांच्या मुलांच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागेल.

मराठवाड्याच्या अभ्यासकांना या प्रश्नाची धग विशेष जाणवावी. ज्या काळात अहमदनगरला ब्रिटिशांचा वटहुकूम चालत होता, त्या काळात गोदावरीच्या अलीकडे निजामाचे फर्मान चालत होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेबरोबरच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहातून ‘वंदे मातरम्’चे आंदोलन सुरू झाले. उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आपल्या दारात घेतले. विद्यार्थ्यांचे नाव पटावरून काढून त्यांना राज्याबाहेर शिक्षण शोधण्यास भाग पाडणे हाही हद्दपारीचाच एक प्रकार म्हटला पाहिजे. आणि वसतिगृहात परत यावयाचे तर काय लिहून द्यावे लागत होते, हा तेथेही कळीचा प्रश्न होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या काळात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीसाठी स्तंभ उभे राहिले. शहरातील सिद्धार्थ उद्यानातील स्तंभापुढे दरवर्षी त्या तारखेला ध्वजवंदन होते. परंतु बंदीहुकूम, जामीनकतबे, मुचलके, शाळा-महाविद्यालयांचे बडतर्फीचे कागद आणि सीमेपलीकडच्या केंद्रांतील हिशेबाच्या वह्या यांना एकत्र आणणारे, अभ्यासकाला हाताळता येईल असे एक दालन करण्याचे काम विभागाच्या आवाक्यातील आहे. पुंडलिकनगरासारख्या शहराच्या नव्या वस्त्यांत राहावयास आलेली कित्येक घराणी बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडची आहेत, आणि असे कागद बहुधा त्यांच्याच जुन्या पेट्यांतून निघतील. त्यांतील पुष्कळसे उर्दूत आहेत. ती लिपी सराईतपणे वाचणारे विद्यार्थी विभागात दरवर्षी कमी होत असल्यामुळे कामाचा क्रम ठरविताना आरंभ तेथूनच करावा लागेल.